डाव्या किडनीची धमनी ७० टक्के अरुंद: स्टेंट टाकायचा की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात शेती करतात. बारा वर्षांपासून मधुमेह, तेवढीच वर्षं रक्तदाब, तंबाखू तरुणपणापासून. अम्लोडिपिन घेऊनही वरचा आकडा १७० ते १८० राहत होता म्हणून टेल्मिसार्टन सुरू केलं. दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हा आकडा चढतो) १.४ वरून २.१ वर गेलं. गोळी थांबवल्यावर तीन आठवड्यांनी ते १.५ वर आलं. मग डॉपलर सोनोग्राफी झाली. डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीत सुमारे ७० टक्के अरुंदपणा, तिथे रक्ताचा वेग सेकंदाला २७० सेंटिमीटर, आरआय (किडनीच्या आतल्या रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते सुचवणारा आकडा) ०.६८. डावी किडनी १०.१ सेंटिमीटर, उजवी ७.९. एका डॉक्टरांनी लगेच स्टेंट सुचवला, दुसऱ्यांनी 'स्टेंटचा काही उपयोग नसतो' असं सांगितलं, आणि यूरॉलॉजिस्टांनी उजवी किडनी काढून टाकण्याचा विषय काढला. १८ वर्षांपूर्वी उजव्या मूत्रवाहिनीत खडा अडकून बरेच महिने तसाच राहिला होता. शिवाय २२ वर्षांच्या मामेबहिणीला याच आजारात नुसता फुगा फुगवून बरं केलं, मग वडिलांना स्टेंट का, असंही विचारलं आहे.

मी मूत्रपिंडविकारांचा डॉक्टर आहे. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आधारलेलं आहे. पण ते आकडे बरंच काही सांगतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहिला आहे: उजवी किडनी ७.९.

सगळ्यांचं लक्ष डाव्या बाजूच्या ७० टक्क्यांकडे गेलंय. पण नुसती डावी धमनी अरुंद असती आणि उजवी किडनी ठणठणीत असती, तर टेल्मिसार्टनने क्रिएटिनिन असं दीडपट झालं नसतं. उजवीने काम सांभाळून घेतलं असतं. ते झालं नाही, याचा सरळ अर्थ असा की वडिलांचं बहुतेक काम डावी किडनीच करते आहे आणि अरुंदपणा नेमका तिच्याच धमनीत आहे. वैद्यकीयदृष्ट्या ही 'एका बाजूची धमनी अरुंद' अशी केस राहत नाही. ती 'जवळजवळ एकुलत्या एका किडनीची धमनी अरुंद' अशी होते, आणि या दोन्हींचे निर्णय वेगळे असतात.

टेल्मिसार्टनने नेमकं काय केलं ते समजून घ्या, कारण कुणी म्हणेल 'गोळीने किडनी खराब केली'. तसं नाही. किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत रक्त आणणारी एक धमनिका असते आणि बाहेर नेणारी एक. मागून येणारा दाब कमी पडला की अँजिओटेन्सिन हे रसायन बाहेरची धमनिका आवळतं आणि गाळणीतला दाब टिकवतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या तो आवळ सैल करतात. मधुमेहात हे किडनीच्या भल्याचंच असतं. पण मोठी धमनीच अरुंद असेल तर गाळणी त्या आवळावरच चाललेली असते. तो सुटला की गाळणं मंदावतं. गोळी थांबवल्यावर क्रिएटिनिन १.५ वर परत आलं, म्हणजे डाव्या किडनीचं मांस अजून जिवंत आहे, तिला फक्त दाब कमी पडतोय. अजाणता एक तपासणीच होऊन गेली म्हणा. अशा गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर आम्ही सहसा गोळी सोडत नाही. इथे वाढ ५० टक्के होती, म्हणून थांबवली ते बरोबरच. एक मात्र विचारा: त्या दोन आठवड्यांत गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी, किंवा जुलाब-उलट्या, असं काही झालं होतं का? असेल तर दोष सगळा धमनीच्या माथी मारता येणार नाही.

आता रक्तदाब का चढतो ते. १९३४ साली क्लीव्हलँडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चिमटा लावून ती थोडी आवळली आणि प्राण्याचा रक्तदाब कायमचा चढलेला दाखवला. आजही आम्ही 'गोल्डब्लाट किडनी' हा शब्द वापरतो. तुमच्या शेतातली ठिबकची एक लॅटरल तोंडाशीच चोंदली आणि त्या ओळीला पाणी पुरेना म्हणून तुम्ही मोटरचाच दाब वाढवला, तर बाकीच्या सगळ्या नळ्यांवर ताण येतो. किडनी तेच करते. आपल्याला दाब कमी मिळतोय म्हणजे अख्ख्या शरीराचाच रक्तदाब कमी आहे, असं समजून ती रेनिन हे रक्तदाब चढवणारं रसायन सोडते.

दुसरी किडनी निरोगी असेल तर ती वाढलेल्या दाबाला उत्तर म्हणून मीठ आणि पाणी लघवीतून बाहेर टाकत राहते. दुसरी दुबळी असेल तर ते मीठ-पाणी अंगातच साचतं. म्हणून वडिलांच्या बाबतीत नुसत्या अम्लोडिपिनने भागणार नाही, लघवी वाढवणारी गोळी लागेलच. क्लोरथॅलिडोन हा माझा पहिला पर्याय. सोडियम-पोटॅशियम मात्र दोन आठवड्यांनी तपासायचं. तुमच्या यादीत ही गोळी कुठेच दिसली नाही याचं मला आश्चर्य वाटलं. तीन औषधं पुरेशा मात्रेत, त्यातलं एक लघवीचं, एवढं झाल्याशिवाय 'औषधाने रक्तदाब आटोक्यात येत नाही' असं म्हणता येत नाही, आणि स्टेंटच्या निर्णयातली ती एक मोठी पायरी आहे.

डॉपलरवर किती विश्वास ठेवायचा? बऱ्यापैकी, पण डोळे झाकून नाही. मूत्रपिंडाच्या धमन्या पोटात खोल, पाठीच्या कण्यापाशी असतात. आतड्यात वायू असेल, पोट सुटलेलं असेल, तपासणाऱ्याने प्रोबचा कोन नीट धरला नसेल तर वेगाचा आकडा सहज चुकतो. साधारणपणे २०० सेंटिमीटरच्या वरचा वेग, किंवा महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटीहून जास्त वेग, हा लक्षणीय अरुंदपणा मानतात. तुमचा २७० आहे, म्हणजे संशय पक्का आहे. पण टक्केवारी हा नेहमी अंदाज असतो आणि तो बहुधा वरच्याच बाजूला चुकतो. स्टेंटचा उपयोग तपासणाऱ्या कोरल नावाच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयांनी स्वतः मोजलेला सरासरी अरुंदपणा सुमारे ७३ टक्के होता. त्याच अँजिओग्राफीच्या चित्रफिती मध्यवर्ती प्रयोगशाळेत मोजल्या तेव्हा तो ६७ भरला. म्हणून स्टेंटच्या आधी सीटी अँजिओग्राफी हवीच. १.५ क्रिएटिनिनला वडिलांच्या किडन्यांची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ५० मिलिलिटरच्या आसपास येते. एवढ्यावर सीटीसाठी शिरेतून द्यायचं रंगद्रव्य देता येतं. आदल्या दिवशी पुरेसं पाणी, वेदनाशामक बंद. मेटफॉर्मिन चालू असेल तर किती दिवस थांबवायचं हे तपासणीआधीच विचारा; बहुतेक ठिकाणी ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहूनच ते पुन्हा सुरू करतात.

सीटीमध्ये मी तीन गोष्टी पाहीन. अरुंदपणा नेमका कुठे आहे: महाधमनीतून फांदी फुटते तिथेच, पहिल्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये असेल तर तो चरबीच्या थराचा, म्हणजे तुमच्या वडिलांच्या वयाचा आणि तंबाखूचा आजार. उजवी धमनी कशी आहे. आणि महाधमनीच्या भिंतीला किती थर चिकटलेत, कारण स्टेंट टाकताना तिथूनच तार न्यायची असते.

त्याआधीची आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची तपासणी म्हणजे डीटीपीए स्कॅन. यात कोणती किडनी किती टक्के काम करते ते वेगवेगळं कळतं. खर्चाने ती सीटीपेक्षा फार नसते आणि तिच्या उत्तरावर तुमचे दोन निर्णय अवलंबून आहेत: डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा.

उजवी किडनी लहान का झाली, याची दोन कारणं संभवतात. एक, तो जुना खडा. मूत्रवाहिनी महिनोन्महिने तुंबली की मागे लघवी साचते, त्या दाबाने किडनीचं मांस पातळ होत जातं. आपल्याकडे खड्यांचे रुग्ण भरपूर, आणि कळ थांबली की 'खडा पडला' असं समजून पुन्हा सोनोग्राफी न करणारेही भरपूर. कळ थांबते याचा अर्थ कधी कधी किडनीने लघवी करणंच सोडलंय असाही असतो. दुसरं कारण, उजवी धमनीही अरुंद होऊन पूर्ण बंद पडली असणं. सोनोग्राफीत फरक दिसतो: तुंबण्यामुळे लहान झालेल्या किडनीची आतली पोकळी फुगलेली आणि मांस पातळ दिसतं, धमनी बंद पडलेली किडनी आक्रसलेली पण गुळगुळीत असते. रिपोर्टमध्ये 'पेल्विस डायलेटेड' किंवा 'कॉर्टेक्स थिन्ड' असं काही लिहिलंय का ते पाहा. खडा अजून तिथेच असेल तर साध्या, रंगद्रव्याविना केलेल्या सीटीत तो लगेच दिसेल.

ती काढायची का? आत्ता तरी नाही. वारंवार जंतुसंसर्ग, पू, सतत दुखणं यांपैकी काही नसेल तर घाई नको. रक्तदाबासाठी लहान किडनी काढतात हे खरं, पण तिचं काम १० टक्क्यांच्या खाली असेल आणि रक्तदाब औषधांना दादच देत नसेल, तेव्हा. डीटीपीएमध्ये उजवी २० किंवा २५ टक्के निघाली तर ती वडिलांची ठेव आहे. डावीचं काही बिघडलं तर डायलिसिस लांबवणारी तीच असेल.

आता मुख्य मुद्दा. 'स्टेंटचा उपयोग नसतो' हे वाक्य हवेतून आलेलं नाही. १९७८ मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी मूत्रपिंडाच्या धमनीत फुगा फुगवून दाखवला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं अरुंद दिसली धमनी की उघड, असं चाललं. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्ट्रलमध्ये ८०६ रुग्ण होते. नुसती औषधं आणि औषधं अधिक स्टेंट, दोन्ही गटांत किडनीचं काम, रक्तदाब, हृदयविकार, मृत्यू यांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. उलट धमनी उघडण्याच्या प्रक्रियेने २३ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, त्यात दोन मृत्यू आणि तिघांची पायाची बोटं किंवा पाय कापावा लागला. २०१४ च्या कोरलमध्ये ९४७ रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, किडनी बिघाड हे सगळं मिळून स्टेंटच्या गटात ३५.१ टक्के, औषधांच्या गटात ३५.८ टक्के. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात फरक पडला तो जेमतेम दोन अंकांचा.

तुमचे दुसरे डॉक्टर याच आधारावर बोलले, आणि दहापैकी बहुतेक रुग्णांना मीही तेच सांगतो. पण या चाचण्यांत कोण आले होते हेही बघायला हवं. ॲस्ट्रलमध्ये रुग्ण घेण्याची अटच अशी होती की स्टेंटचा फायदा होईल की नाही याबद्दल त्याच्या डॉक्टरला शंका असावी. ज्याला नक्की फायदा होईल असं डॉक्टरला वाटलं, तो चाचणीत आलाच नाही. एकुलत्या किडनीची धमनी अरुंद, क्रिएटिनिन झपाट्याने चढतंय, रात्री अचानक फुप्फुसांत पाणी भरतंय, असे लोक या आकड्यांत फार थोडे आहेत. अशांसाठी निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास आणि रोजचा अनुभव स्टेंटच्या बाजूने झुकतो. वडील या गटाच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून मला ना 'लगेच टाका' पटतं ना 'उपयोगच नसतो'.

फायदा होण्याची शक्यता कशावरून जोखायची? डावी किडनी १० सेंटिमीटर आहे, ही चांगली बाजू; आठच्या खाली गेलेल्या किडनीची धमनी उघडून सहसा काही हाती लागत नाही. आरआय ०.६८, हीही चांगली, ०.८ च्या वर असता तर किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्याच कडक झाल्यात असं धरलं असतं. एक आकडा तुम्ही दिलेला नाही: लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून किती प्रथिन जातंय त्याचं माप. तो खूप चढलेला असेल तर बिघाडाचं मूळ धमनीत कमी आणि मधुमेहाने गाळण्या खराब होण्यात जास्त, आणि स्टेंट गाळण्या दुरुस्त करत नाही. साधी लघवीची तपासणी आहे, उद्याच करून घ्या.

माझा क्रम असा असेल. आठवडाभरात लघवीचा रेशो आणि डीटीपीए. अम्लोडिपिन पूर्ण मात्रेत, क्लोरथॅलिडोन जोडायचं, गरज पडली तर तिसरं औषध डॉक्टर ठरवतील. टेल्मिसार्टनच्या जातीचं काहीही सध्या नको. ॲटोर्वास्टॅटिन आणि ॲस्पिरिन, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून. तंबाखू बंद, त्यात मिश्री आणि गुटखाही आला. मिश्रीला लोक तंबाखू मोजत नाहीत म्हणून सांगतोय. ताकद वाढवणारी भस्मं, कुठल्याही दुकानातली, नकोत. जड धातूंनी बिघडलेल्या किडन्या आम्ही पाहतो. घरी रक्तदाब सकाळ-संध्याकाळ बसून, पाच मिनिटं शांत राहून मोजायचा आणि वहीत लिहायचा. सीटी मधल्या काळात होऊन जाईल.

सहा ते आठ आठवड्यांनी घरचा रक्तदाब १४० च्या खाली आणि क्रिएटिनिन १.५ च्या आसपास स्थिर असेल तर मी स्टेंट टाकणार नाही. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, सहा महिन्यांनी किडनीच्या लांबीसाठी सोनोग्राफी, एवढं करत राहीन. पण तीन औषधं नीट घेऊनही दाब १५० च्या वर राहिला, किंवा इतर काही कारण नसताना क्रिएटिनिन चढू लागलं, किंवा डाव्या किडनीची लांबी घटली, आणि डीटीपीएने डावीच बहुतेक काम करते असं दाखवलं, तर स्टेंटच्या बाजूने बोलेन. त्या वेळी नुसत्या चित्रावर न जाता अरुंद जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब तारेने मोजायला सांगा. पलीकडचा दाब महाधमनीतल्या दाबाच्या ९० टक्क्यांच्या खाली गेला की किडनी रेनिन जास्त सोडू लागते, हे माणसांमध्येच फुगा थोडा थोडा फुगवून मोजलेलं आहे. दाबात फरक नसेल तर ७० टक्के दिसणारी जागाही सोडून देता येते.

रात्री झोपेत एकदम दम कोंडून उठून बसावं लागणं, असं वडिलांना कधी झालंय का? हृदयाची पंपिंग ठीक असूनही असं झालं असेल तर वरचे सहा-आठ आठवडे विसरा आणि लगेच दाखवा. स्टेंटची सगळ्यात निर्विवाद गरज तिथेच असते.

धोके स्पष्ट सांगतो, कारण संमतीपत्रावर सही करताना ते कुणी नीट वाचत नाही. तार फिरताना महाधमनीतला चरबीचा चुरा सुटून खाली वाहू शकतो. किडनीत अडकला तर क्रिएटिनिन काही आठवड्यांत हळूहळू चढतं, पायाकडे गेला तर बोटं निळी पडतात. धमनी फाटणं, जांघेत रक्त साचणं, रंगद्रव्याचा त्रास हेही आहेच. स्टेंट पुढच्या वर्ष-दोन वर्षांत आतून पुन्हा अरुंद होऊ शकतो, म्हणून नंतरही डॉपलर लागते. एकुलत्या किडनीत यातलं काही झालं तर सावरायला दुसरी नसते. म्हणून हृदयाची अँजिओप्लास्टी रोज करणारा नव्हे, मूत्रपिंडाच्या धमन्यांचं काम नियमित करणारा डॉक्टर शोधा, मग तो हृदयरोगतज्ज्ञ असो की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. आणि स्टेंटनंतर गोळ्या बंद होतील ही आशा धरू नका. या वयात एखादी कमी होते, बहुतेकांच्या चालूच राहतात. टेल्मिसार्टन मात्र तेव्हा लक्ष ठेवून पुन्हा देता येतं, आणि मधुमेहाच्या किडनीला त्याची गरज असते.

मामेबहिणीचा आजार हा नव्हे. आपल्या देशात तरुण मुलींमध्ये मूत्रपिंडाची धमनी अरुंद दिसली की पहिला संशय ताकायासु आजाराचा. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. यात मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते, चरबीशी त्याचा संबंध नसतो. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या यात वारंवार सापडतात. आधी प्रेडनिसोलोनसारख्या औषधांनी सूज शमवायची, रक्तातले सूज दाखवणारे आकडे, ईएसआर-सीआरपी, खाली आले की मगच फुगा. सूज चालू असताना धमनीला हात लावला तर ती लवकर पुन्हा बंद होते. स्टेंट शक्यतो टाळतात. पाश्चात्त्य देशांत तरुण स्त्रियांमध्ये जास्त दिसणारा फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया हा तिसराच प्रकार. त्यात धमनीच्या मधल्या भागात मण्यांच्या माळेसारखे फुगवटे दिसतात आणि नुसत्या फुग्याने रक्तदाब पुष्कळदा औषधाविना बरा होतो. बहिणीला यांपैकी कोणता आहे हे तिच्या कागदांवरून कळेल. ताकायासु असेल तर तिचा रक्तदाब दोन्ही हातांवर आणि पायावरही मोजत राहायला हवा. खांद्याची धमनी अरुंद झाली तर त्या हातावर तो खोटा कमी येतो आणि सगळे निर्धास्त राहतात.

डीटीपीएची दोन्ही बाजूंची टक्केवारी, लघवीचा रेशो आणि पंधरा दिवसांच्या रक्तदाबाच्या नोंदी आल्या की लिहा. टक्केवारी कळल्याशिवाय डाव्या बाजूबद्दल याहून जास्त सांगणं योग्य होणार नाही.